चार मैल उरले होते



10 ऑगस्ट 2025 रोजी ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर गेले. 1965 आणि 1971 अशी दोन्ही युद्धं लढलेला हा मराठी वैमानिक निवृत्तीनंतर पुण्यात राहत होता. आपल्या बुलढाण्याच्या घराघरांत त्यांचं नाव माहीत असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून आज त्यांच्याविषयी बोलतो.

1965 च्या युद्धात शत्रूच्या माऱ्यानं त्यांचं विमान जायबंदी झालं आणि उजव्या खांद्याला जखम झाली. विमान सोडून उडी मारा, असा सल्ला मिळाला होता. त्यांनी ते मोडकं विमान तळावर आणून उतरवलं. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळालं.

सहा वर्षांनी, 10 डिसेंबर 1971 रोजी, त्यांचं सुखोई-7 विमान पाकिस्तानात पाडलं गेलं. फ्लाइट लेफ्टनंट परुळकर हवाई छत्रीनं सुखरूप उतरले, पण युद्धकैदी झाले आणि रावळपिंडीच्या छावणीत पोचले. युद्ध आठवडाभरात संपलं, सुटकेचा मात्र पत्ता नव्हता. पकडलो गेलो तर पळून येईन, हे तर ते आधीच बोलून बसले होते!

आणि मग सुरू झाली ती तयारी. मला खरं अप्रूप आहे ते या तयारीचंच. कैद्यांना मिळणाऱ्या भत्त्यातून रुपया-रुपया मागे टाकला. पठाणी कपडे जमवले. रस्ता ठरवला तो शाळकरी मुलांच्या ॲटलासवरून. कोठडीच्या भिंतीचा गिलावा खरवडून, हाताला लागेल त्या अवजारानं एकेक वीट मोकळी केली, आणि हे सगळं पहारेकऱ्यांच्या नाकाखाली. जे सोबती पळणार नव्हते, त्यांनी राखण केली, आवाज झाकले. मागे राहिलो तर चौकशीचा जाच आपल्यालाच होणार, हे ठाऊक असून! त्यांचा वाटा मला जराही कमी वाटत नाही.

12 ऑगस्ट 1972 ची रात्र वादळी होती, पाऊस कोसळत होता. मध्यरात्र उलटल्यावर परुळकर आणि त्यांचे सोबती वैमानिक मलविंदरसिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी भिंतीच्या त्या भोकातून बाहेर पडले. बस धरून पेशावर, पुढे टांगा, पुन्हा बस, आणि सकाळीच लंडी कोतल! खैबर खिंडीतलं हे गाव. तिथून अफगाणिस्तानची सरहद्द जेमतेम चार मैल.

घात केला तो नकाशानं. ॲटलासमध्ये पुढचं स्टेशन होतं लंडी खाना, म्हणून त्यांनी तिथली वाट विचारली. ते स्टेशन 1932 मध्येच बंद झालेलं. जलंब-खामगाव गाडी बंद होऊन चाळीस वर्षं लोटली आहेत, आणि कुणी परका येऊन खामगावच्या गाडीची चौकशी करतो आहे, असं समजा. लोक वळून बघणारच. त्या काळी पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेनं निसटत होते. हे तिघंही त्यांच्यातलेच, असा संशय येऊन त्यांना धरलं.

आम्ही पाकिस्तानी हवाई दलाचे, ही बतावणी टिकेना. जिवावर बेतण्याची चिन्हं दिसू लागली, तेव्हा परुळकरांनी एक फोन करू द्या म्हटलं. फोन केला तो स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांना. छावणीचे हे पूर्वीचे प्रमुख आता पाकिस्तानच्या हवाई दलप्रमुखांचे एडीसी, म्हणजे दिमतीचे अधिकारी होते. पळालेले कैदी लंडी कोतलला आहेत, हे त्यांना त्या फोनवरूनच कळलं. ही आमचीच माणसं आहेत, त्यांना धक्का लागता कामा नये, असं त्यांनी तिथल्या अधिकाऱ्यांना बजावलं. शत्रूच्या गणवेशातल्या या भल्या माणसाचं नावही आपण आदरानं घ्यायला हवं.

तिघांच्या वाट्याला एकांतकोठडी आली. पुढे लायलपूरच्या तुरुंगात सगळ्यांना हलवलं. अखेर 1 डिसेंबर 1972 रोजी हे वैमानिक वाघ्याहून पायी भारतात आले.

परुळकर पुन्हा हवाई दलाच्या सेवेत रुजू झाले आणि ग्रुप कॅप्टन पदापर्यंत चढले. वायुसेना पदकाच्या जोडीला त्यांना विशिष्ट सेवा पदकही मिळालं. या सुटकेवर फेथ जॉन्स्टन यांनी इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं आहे. चिखली-मेहकरच्या वाचनालयांनी ते मागवावं. आणि शिक्षकांना माझी विनंती आहे, एकदा वर्गात नकाशा उघडून मुलांकडून रावळपिंडी ते लंडी कोतल ही वाट बोटानं काढून घ्या.