साखळी-करवत : निवड, इंधन आणि चालविण्याची शिस्त
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



ज्ञातीच्या संमेलनात यंत्राविषयी, आणि तेही झाडे तोडण्याच्या यंत्राविषयी, बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. प्रयोजन असे की, ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, पुढल्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ कोकणपट्टीला घासून गेले, आणि आपल्यांपैकी अनेकांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत यांच्या बळावर तो पसारा उरकणे शक्यच नव्हते. जिला बाजारात ‘चेन सॉ’ म्हणतात व आपल्या वाडीत नुसते ‘कटर’, ती साखळी-करवत त्या निमित्ताने पुष्कळ घरांत शिरली आणि पडवीत कोयत्याशेजारी जाऊन बसली. आमची चिंता येथूनच सुरू होते. कोयता कसा धरावा हे आपणांस वडिलांनी शिकविले, माडावर कसे चढावे हे पाडेल्याने दाखविले. या करवतीला मात्र घरात गुरू नाही. ती खोक्यातून येते आणि तिची माहितीपुस्तिका बहुधा खोक्यातच राहते.

या यंत्राचा पूर्वेतिहास मोठा चमत्कारिक आहे. दात असलेली साखळी प्रथम लाकडावर चालली नाही, ती हाडावर चालली. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील शल्यवैद्यांनी हाड कापण्यासाठी हाताने ओढायची बारीक साखळी वापरली होती. झाडाकरिता पेट्रोलवर चालणारी करवत जर्मनीत आंद्रेआस स्टील यांनी १९२९ साली बाजारात आणली. पण आजच्या साखळीचा दात अमेरिकेतील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याची देणगी होय. लाकूड पोखरणारी एक अळी आपल्या जबड्यांनी डावीउजवीकडे कशी कुरतडते हे त्याने न्याहाळले आणि त्या धर्तीचे दात करून १९४७ साली त्यांचा कारखाना काढला. आपल्या आंब्याचे खोड पोखरणारा भिरूड हा त्याच लांब मिशांच्या भुंग्यांच्या कुळातला. ज्या किड्याला आपण शिव्या देतो त्याच्या आप्ताने ही विद्या दिली, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. असो.

आता निवडीविषयी. आपले तरुण दुकानात जातात आणि सर्वांत लांब पट्टीची, सर्वांत मोठ्या इंजिनाची करवत मागतात. बावीस इंची पट्टी खांद्यावर टाकली की वाडीत रुबाब वाढतो, हे आम्ही समजू शकतो. परंतु घरच्या वाडीत फांद्या उतरविणे, पडलेले माड-पोफळी तोडणे आणि सरपण करणे, एवढ्यासाठी चौदा ते सोळा इंची पट्टी पुरेशी असते. यंत्र जितके जड तितके हात लवकर थकतात, आणि थकलेला हात हेच अपघाताचे पहिले कारण. निवडताना किमतीच्या आधी चार गोष्टी पाहाव्यात: पुढच्या मुठीसमोर हाताने ढकलता येणारा साखळीचा ब्रेक आहे काय, मागच्या मुठीखाली तुटलेली साखळी अडविणारी रुंद पट्टी आहे काय, घोडा दाबताना त्याचे वेगळे कुलूप दाबावे लागते काय, आणि साखळी, पट्टी, प्लग हे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात काय. यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती करवत फुकट मिळाली तरी घेऊ नये.

आणि आमचा एक आग्रह आहे. करवतीच्या आधी तिचा पोशाख विकत घ्यावा. जाळीचा मुखपट असलेले शिरस्त्राण, कानांवरची आच्छादने, टणक बूट आणि मांड्यांवरून बांधावयाचे संरक्षक पायघोळ, हा तो पोशाख. या पायघोळाच्या आत लांब चिवट धागे भरलेले असतात. साखळीने वरचे कापड फाडताच ते धागे ओढले जाऊन दातेरी चाकात अडकतात आणि साखळी थांबते. लुंगी, खांद्यावरचा पंचा आणि पायांत स्लिपर अशा वेषात ही करवत चालविताना आम्ही जागोजागी माणसे पाहतो. पूर्ण वेगात साखळी सेकंदाला सुमारे वीस मीटर धावते, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरहून अधिक. त्या वेगापुढे लुंगीचे कापड काय टिकणार?

इंधनाचा विषय किरकोळ वाटतो, परंतु यंत्रे बहुतेक त्यानेच बिघडतात आणि माणसे भाजतात तीही त्यानेच. हे इंजिन दोन फेऱ्यांचे आहे; त्याला निराळे इंजिन-ऑइल नसते, म्हणून पेट्रोलमध्येच ‘टू-टी’ ऑइल मिसळावे लागते. चांगल्या ऑइलाचे प्रमाण बहुधा पन्नासास एक, म्हणजे लिटरला वीस मिलिलिटर. पुस्तिकेत पंचवीसास एक लिहिले असेल तर चाळीस. हे माप झाकणाने किंवा अंदाजाने करू नये. औषधाच्या मापाने करावे. कमी पडले तर इंजिन घासून आत धरते, जास्त झाले तर धूर होऊन प्लग काजळतो. शिवाय आता आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि अनेक करवतींच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांचीच मर्यादा घातलेली असते. यास्तव विकत घेण्यापूर्वीच विक्रेत्याला हे विचारून घ्यावे. इथेनॉल हवेतील ओल शोषते, आणि कोकणातील हवेला ओलीचा काय तोटा! म्हणून महिनाभर पुरेल त्याहून अधिक मिश्रण करू नये, आणि करवत पावसाळ्यात ठेवून द्यावयाची असेल तर टाकी रिकामी करून, उरलेले इंधन जळून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत नेण्याची चाल अत्यंत घातक आहे. तहानलेल्या गड्याने किंवा पोराने ती तोंडाला लावावी, एवढेच निमित्त पुरे. इंधनासाठीच बनविलेला, घट्ट झाकणाचा, ठळक खूण केलेला डबा असावा. इंधन भरण्यापूर्वी इंजिन बंद करून निवू द्यावे. पातेरा झाडून मोकळी केलेली जमीन निवडावी. जवळपास विडी नको. सांडले तर पुसावे, अंगावर उडाले तर कपडे बदलावे, आणि त्या जागेपासून निदान दहा पावले दूर जाऊन मगच करवत सुरू करावी. पेट्रोलची टाकी भरताना दर वेळी साखळीच्या ऑइलाची दुसरी टाकीही भरावी. त्यात मोटारीतून काढलेले जळके ऑइल ओतणे ही काटकसर नव्हे. त्यातील धातूचा चुरा पट्टी खातो आणि त्याचे शिंतोडे कातडीला अपायकारक असतात.

चालविण्याच्या शिस्तीत सर्व भर एका गोष्टीवर द्यावासा वाटतो, ती म्हणजे करवतीची उसळी. पट्टीच्या नाकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला, दडलेल्या फांदीला किंवा दगडाला टेकला की साखळीचा जोर उलटतो आणि सारी पट्टी वर उसळून चालविणाराच्या मानेकडे, चेहऱ्याकडे येते. हे इतक्या त्वरेने घडते की सावध होण्यास अवकाशच मिळत नाही. जे काही वाचविते ते आधीच घेतलेले आसन. डावा हात पुढच्या मुठीवर, अंगठा मुठीखालून वळलेला, उजवा मागच्या मुठीवर, डावखुऱ्यानेही असेच. पाय फाकलेले, शरीर पट्टीच्या रेषेतून थोडे बाजूला. खांद्याच्या वर करवत उचलू नये, शिडीवरून चालवू नये. पाडेल्याच्या हाती ती देऊन त्याला माडावर चढविणे, हे तर आम्ही गुन्ह्याच्या जवळचे मानतो. सुरू करताना ब्रेक लावून, करवत जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत पाय घालून दोरी ओढावी. हवेत झेलत ओढू नये. साखळीची धार पाहायची असेल तर भुसा पाहावा: जाड ढलप्या पडत असतील तर धार आहे, पीठ पडत असेल तर कानस घ्यावी. बोथट साखळी दाबावी लागते, आणि दाबणारा माणूस तोल गमावतो.

उभे झाड पाडणे हे निष्णाताचेच काम. पडण्याच्या बाजूस खाच, मागून काप, आणि मध्ये बिजागरीसारखी राखलेली लाकडाची पट्टी, ही त्याची रीत. माडाचा गाभा मऊ असल्याने तेथे या बिजागरीवर फारसे विसंबता येत नाही, म्हणून दोराशिवाय माड पाडू नये. वादळात पडलेले झाड निरुपद्रवी दिसते, पण ते ताणलेल्या धनुष्यासारखे असते. दोन्ही टोकांवर टेकलेले खोड वरून दाबलेले व खालून ताणलेले असते. तेथे आधी वरून तृतीयांश कापून मग खालून पुरे करावे. एकच टोक टेकलेले असेल तर उलट. मुळासकट उपटलेल्या झाडाचे खोड तोडताच मुळांचा चक्का खड्ड्यात परत आदळू शकतो. त्या खड्ड्यात पोरांना खेळू देऊ नये. झाड विजेच्या तारेवर असेल तर महावितरणचा माणूस येईपर्यंत त्याला हात लावू नये. आणि आंबा, फणस, साग यांसारखी झाडे आपल्या मालकीची असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यान्वये परवानगी लागते, हेही स्मरणात ठेवावे.

कोणी म्हणेल, एवढे नियम पाळून वाडी कधी साफ व्हावयाची? आमची सूचना अशी की, प्रत्येक घराने करवत घेण्यापेक्षा चार-पाच घरांनी मिळून एक चांगली करवत व दोन पोशाख घ्यावेत आणि दोन तरुणांना नीट शिकवून तयार करावे. चालविणारा एक, हाकेच्या अंतरावर पण झाडाच्या दुप्पट लांबीहून दूर उभा राहणारा दुसरा. एकट्याने कधीही जाऊ नये. भगिनींना आमची विशेष विनंती आहे. घरातला मुलगा शिरस्त्राणाविना किंवा एकटा निघालेला दिसला, तर करवतीच्या टाकीची टोपी खुशाल लपवून ठेवावी. त्याने केलेल्या आदळआपटीची जबाबदारी आम्ही घेतो.

भोजनोत्तर सभागृहाच्या मागील अंगणात साखळीला कानस लावण्याचे आणि साखळीचा ताण जुळविण्याचे प्रात्यक्षिक होईल. ज्यांनी आपल्या करवती आणल्या असतील त्यांनी त्या टाकी रिकामी करून व पट्टीवर म्यान चढवून आणाव्यात. चार मिलिमीटरच्या कानशी आम्ही बरोबर आणल्या आहेत, त्याहून जाड साखळी असल्यास आपली कानस आपण आणावी.