अडतिसावी तिळवडी
(आपल्या १९८६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे : नळदुर्गची सहल. विषय ऐकताच मागच्या रांगेत हशा पिकला, ते साहजिकच आहे. आपल्या वर्गातली दोन माणसं नवी पेठेत समोरासमोर आली की चहा येईपर्यंत ही सहल निघतेच. चाळीस वर्षं ही गोष्ट मीही तुमच्याबरोबर हसत सांगत आलो. आज ती पूर्ण सांगणार आहे.

दिवस ६ जानेवारी १९८५, रविवार. आपण नववी ब. पहाटे साडेपाचला शाळेच्या फाटकाशी जमायचं ठरलं होतं. दत्त चौकाकडून येणारा एक दूधवाला सोडला तर रस्त्यावर कुणी नाही. आपल्या सोलापूरची थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी, पण त्या पहाटे ती चांगली ठाण मांडून बसली होती. कुणी माकडटोपीत, कुणी आजोबांच्या मफलरमध्ये. एक बहाद्दर तर घरची चादरच गुंडाळून आला. "काय बे, सहलीला निघालास का झोपायला?" असं त्याला प्रत्येकानं विचारून घेतलं. ती चादर पुढं किती कामाला येणार होती, हे तेव्हा कुणाला माहीत!

सहाची गाडी सात वाजता आली. बोरामणीच्या पुढं पंक्चर झाली. स्टेपनी काढली, तर ड्रायव्हर म्हणाला, "सर, हिच्यात बी हवा नाही." क्लीनर दोन्ही चाकं ट्रकवर टाकून मागं गेला आणि आपण अडतीस जण दोन तास ज्वारीच्या बांधावर बसलो. भूक लागली तेव्हा लक्षात आलं, की चपाती-भाजीचे दोन्ही मोठे डबे शाळेच्या पायरीवरच राहिलेत. बरोबर आला होता तो फक्त शेंगाचटणीचा डबा. त्याचंही झाकण वाटेत उघडलं होतं आणि चटणी सगळ्यांच्या स्वेटरवर सारखी वाटली गेली होती.

नळदुर्गला पोचायला बारा वाजले. पौष पौर्णिमेची खंडोबाची जत्रा. बैलगाड्या, ट्रक, माणसं; गाडी पुढं सरकेना. आपण उतरून चालत निघालो आणि भंडाऱ्यात न्हाऊन निघालो. मैलारपूरच्या वाटेवर एका गाडीपाशी तीन दगडांची चूल पेटली होती. तिथल्या आजींनी आपले चेहरे बघितले आणि सरांना विचारलं, "लेकरं जेवल्यात का?" सर काही बोलायच्या आत आपणच "नाही" म्हणून ओरडलो. भरीत आणि बाजरीची भाकरी. त्या घरच्यांना नंतर काय उरलं असेल, याचा विचार आपण त्या वयात केला नाही.

मग किल्ला. पुस्तकं त्याला भुईकोट म्हणतात, पण बोरी नदीच्या वळणातल्या त्या कातळाच्या टेकाडावर चढताना आपल्याला तो डोंगरी किल्लाच वाटला. आपण आलो होतो नर-मादी धबधबे बघायला आणि धबधबे कोरडे. जानेवारीत ते कोरडेच असणार, हे सरांना अर्थातच ठाऊक होतं. आपण कुरकुरलो, तेव्हा सर म्हणाले, "पाणी असतं तेव्हा लोक पाणी बघतात. आज बांध बघा."

आणि त्यांनी तो दाखवला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली बांधलेला. नळदुर्ग आणि पलीकडचा रणमंडळ यांना जोडणारा. आणि त्या बांधाच्या पोटातच महाल! पुराचं पाणी दोन वाटांनी बाहेर पडावं आणि मधल्या महालात बसलेल्या माणसानं कोरड्या अंगानं ते बघावं, अशी योजना. सरांनी आपल्याला त्या अंधाऱ्या पायऱ्यांनी खाली नेलं आणि सज्जात उभं केलं. ठगाच्या कादंबरीनं गाजलेला मेडोज टेलर १८५३ साली इथं कारभार बघायला आला होता, हेही तिथंच सांगितलं. पुढं एकदा मी भर पावसाळ्यात नळदुर्गला जाऊन आलो. धबधबे डोळ्यांचं पारणं फेडतात. पण बांध मला दिसला तो त्या कोरड्या दिवशीच.

शेवटी उपळी बुरूज. वरच्या लांबलचक तोफांवर बसून झालं, तोवर पाच वाजले. इथपर्यंतची गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. आता माझ्या वाट्याची.

मी वर्गप्रमुख होतो. अडतीस नावांची वही माझ्याकडं होती. ड्रायव्हरशेजारची जागा मी सकाळपासून हेरून ठेवली होती आणि नेमकं तेव्हाच दुसरं कुणीतरी तिकडं निघालेलं दिसलं. मी धावत जाऊन ती जागा पकडली आणि मांडीवर वही ठेवून अडतीस नावांपुढं अडतीस खुणा केल्या. सरांनी विचारलं, "सगळे आले?" मी म्हणालो, "अडतीस, सर." मी मागं वळूनसुद्धा बघितलं नव्हतं.

बोरामणीला चहासाठी थांबलो. सरांच्या घरून तिळवड्या आल्या होत्या, माणशी एक, बरोबर अडतीस. वाटून झाल्या आणि सरांच्या हातात एक उरली. आधी सगळे हसले. मग बाईंनी नावं घ्यायला सुरुवात केली आणि हसू थांबलं. आपला चादरवाला गाडीत नव्हता.

सर माझ्याजवळ आले. "मोजलं होतंस ना?"

"हो सर."

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. पुन्हा काही विचारलं नाही. बाईंना म्हणाले, "तुम्ही मुलांना घेऊन पुढं व्हा," आणि रस्ता ओलांडून उलट दिशेच्या ट्रकला हात केला. चंद्र वर आला होता. ट्रकच्या केबिनमध्ये चढणारे सर मला अजून दिसतात. त्यांच्या हातात ती तिळवडी तशीच होती.

बुरुजावरून उतरताना आपल्या मित्राचा पाय मुरगळला होता. तो चादर घेऊन आडोशाला टेकला आणि तिथंच त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा किल्ला रिकामा झाला होता. दुपारच्या त्याच आजींना तो दरवाजाशी रडताना सापडला. रात्री दीडला सर त्याला घेऊन नवी पेठेत पोचले तेव्हा त्याचे आई-वडील शाळेच्या फाटकाशी उभे होते. थोड्या अंतरावर, वडिलांच्या मागं, मीही होतो.

दुसऱ्या दिवशी मला वहीसकट मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं. मी दारात पोचलो तेव्हा सर सांगत होते, "परतताना मोजणी मीच केली. चूक माझी आहे." तसं त्यांनी लिहूनही दिलं. मला बघून म्हणाले, "वही नको आता. वर्गात जा." आणि मी गेलो. मुकाट्यानं गेलो.

सरांना लेखी ताकीद मिळाली. त्यानंतर सहा वर्षं शाळेची सहल निघाली नाही. ज्या सरांनी आपल्याला इतिहास चालवून दाखवला, त्यांनी पुढच्या सहा तुकड्यांना तो फळ्यावर शिकवला.

मला ते एकच वाक्य बोलले. त्याच आठवड्यात हजेरीपट माझ्या हातात देऊन म्हणाले, "रोज तू घ्यायची. आकडे नाही, चेहरे मोज." दहावी संपेपर्यंत मी ती घेतली. आज माझं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. गठ्ठा बाहेर जाताना मी दोनदा मोजतो. कामगार हसतात. कारण त्यांना माहीत नाही.

गेल्या महिन्यात चादरवाल्याला फोन करून मी हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर आले तेव्हा मी आजीच्या गाडीखाली झोपलो होतो. त्यांनी मला आधी तिळवडी दिली, मग खांद्यावर घेतलं. रस्त्यापर्यंत एवढंच म्हणत होते की घरी रागावणार नाहीत. माझं सोड बे, तू सरांना सांग."

सर, तुम्ही आज पहिल्या रांगेत आहात. त्या दिवशी मी मोजलं नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा दुसऱ्यांदा खोटं बोललो आणि दारात उभा असताना तिसऱ्यांदा गप्प राहिलो. तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं, हे मला ठाऊक आहे. पण शाळेच्या दप्तरात चूक तुमच्या नावावर आहे. म्हणून संपादकांना विनंती, की हे भाषण काटछाट न करता स्मरणिकेत छापावं. कुठंतरी कागदावर खरं असू दे.

आणि एक. येत्या पौषात आपण सगळे नळदुर्गला जाऊ या. धबधबे कोरडे असतील, चालेल. सर, बांध तुम्ही दाखवा. गाडी मी ठरवतो, स्टेपनीतली हवाही बघतो. परतताना मोजणीही माझ्याकडंच द्या. या वेळी चेहरे बघून मोजीन.