माळढोक

सोलापूरकडील माळ आगगाडीच्या खिडकींतून पाहणाऱ्यास ओसाड वाटतो. खुरटें गवत, मधून मधून बोरीचें झुडूप, आणि क्षितिजापर्यंत दुसरें कांहीं नाहीं. माळढोकाचा संसार मात्र अशाच भूमीवर चाले. नर मीटरभर उंच व १५ किलोपर्यंत वजनाचा. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके जड फार थोडे. पायाला मागचें बोट नसल्यामुळें त्याला फांदी धरून बसतां येत नाहीं. चरणें, निजणें, अंडें घालणें, सर्व जमिनीवर. विणीच्या हंगामांत गळ्याखालची पिशवी फुगवून तो असा घुमतो कीं, कांहीं भागांत त्याचें नांवच 'हूम' पडलें.

मादी बहुधा एकच अंडें घालते, तेंही उघड्यावर, आणि सुमारें २७ दिवस एकटीच उबवते. कुत्रें, कोल्हा किंवा चरत्या गुराचा खूर यांपैकीं कशानेंही एका वर्षाचा वंश संपतो. अशा पक्ष्यामागें बंदूक लागली. पायीं येणारा माणूस दिसतांच तो दूर जाई. बैलगाडीला मात्र बिचकत नसे. शिकारी गाडीआडूनच त्याला गांठीत. त्या वेळच्या अहमदनगर भागांत मॅन्सफील्ड नांवाच्या एका इंग्रजानें १८०९ ते १८२९ या काळांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. याला शिकार म्हणावें कीं खाटिकखाना?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंदूक थांबवली. १९७९ मध्यें नान्नज येथें अभयारण्य झालें. तरी ऱ्हास थांबला नाहीं. माळाला 'पडीक' म्हणण्याची आपली सवय जुनी! पडीक म्हटलें कीं तेथें झाडें लावावींशीं वाटतात, पाणी आणून ऊंस करावासा वाटतो. एरवीं हीं दोन्ही कामें स्तुत्यच. परंतु ज्याला चहूंकडे दूरवर दिसल्यावांचून स्वस्थता नाहीं, त्याला झाडांची रांग म्हणजे भिंतच.

आज उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानांत, जैसलमेर जिल्ह्यांत आहेत. देशांत एकूण सुमारें १५० असतील, असा अंदाज केला जातो. तेथें विजेच्या तारा त्यांच्या वैरी झाल्या आहेत. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यानें समोरची तार उशिरां दिसते, आणि तें जड शरीर ऐन वेळीं वळत नाहीं. तारा भूमिगत कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २०२१ मध्यें दिला. २०२४ मध्यें तो सौम्य झाला. रानांतील अंडीं उचलून यंत्रांत उबवण्याचें काम त्याच जिल्ह्यांत २०१९ पासून चालू असून, ऑक्टोबर २०२४ मध्यें कृत्रिम रेतनानें पहिलें पिलू जन्मलें. नान्नजला मात्र अलीकडे दिसली ती एखादी एकटी मादी.