दहा राग आणि तीन यंत्रे

ध्वनिमुद्रिकांच्या आयुष्याच्या दोन तऱ्हा आढळतात. काही मुद्रिका बाहेर पडताच घरोघर वाजू लागतात आणि वर्षा-दोन वर्षांत माळ्यावर जातात. काही मात्र आधी माळ्यावर जातात व पुष्कळ वर्षांनी तेथून खाली उतरतात. १९८२ साली मुंबईत तयार झालेली ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही मुद्रिका या दुसऱ्या जातीची होय. तिचे कर्ते चरणजितसिंग. ज्या शहरात ती जन्मली तेथे तिची दखल घेतली गेली नाही. परंतु आज तिची कीर्ती युरोप-अमेरिकेपर्यंत पोहोचलेली आहे. असे का व्हावे, याचा विचार संगीतप्रेमी माणसाने करण्यासारखा आहे.

चरणजितसिंगांचा जन्म १९४० सालचा. शंकर-जयकिशन, सचिनदेव व राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतदिग्दर्शकांच्या वाद्यवृंदांत ते गिटार व विद्युत्-वाद्ये वाजवीत. चित्रपटसंगीताच्या व्यवसायात अशा वादकाचे स्थान मोठे चमत्कारिक असते. गाणे साऱ्या देशाच्या ओठांवर असते. गायकाचे नाव सर्वांस ठाऊक असते. परंतु ज्याच्या बोटांनी त्या गाण्याला उठाव दिला त्याचे नाव मुद्रिकेच्या वेष्टणावरही नसते. अशा अनामिकाने उतारवयाच्या आधी एकदा स्वतःच्या मनासारखे काही करून पाहावे, हे स्वाभाविकच होते.

काळ डिस्कोचा होता. १९८० साली ‘कुर्बानी’ आणि १९८२ साली ‘डिस्को डान्सर’ या चित्रपटांनी तो ठेका घरोघर नेला. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत गणेशोत्सवाच्या मंडपांतून ऑर्केस्ट्रे झडत, आणि वडीलधारी मंडळी कानांवर हात ठेवीत. याच ठेक्यावर शुद्ध राग वाजविले तर काय होईल, असा प्रश्न चरणजितसिंगांना पडला. त्यांनी तबला बाजूस ठेवला आणि रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रे जुळविली : सुरावट वाजविण्यासाठी ‘ज्युपिटर-८’ हा सिंथेसायझर, ठेक्यासाठी ‘टीआर-८०८’ आणि खर्जातील साथीसाठी ‘टीबी-३०३’.

या यंत्रांची रचना समजून घेतल्यावाचून मुद्रिकेचे मर्म कळावयाचे नाही. ‘८०८’ मध्ये खऱ्या ढोलाचा आवाज साठविलेला नसतो. विजेच्या प्रवाहापासूनच तो आघाताचा नाद निर्माण करते. त्यावर ओळीने १६ कळा असतात. ज्या कळेवर आघात हवा ती दाबावी, म्हणजे यंत्र ते आवर्तन अखंड फिरवीत राहते. १६ हा आकडा ऐकताच आपल्याकडील माणसास त्रिताल आठवेल. हे साम्य आकड्यापुरतेच आहे, कारण त्या १६ कळा म्हणजे चार ठोक्यांचे पोटविभाग होत; तथापि आवर्तनाची कल्पना दोहोंकडे एकच आहे. ‘३०३’ हे यंत्र एकट्या गिटारवाल्यास खर्जाची साथ मिळावी म्हणून निघाले होते. त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. तिला मींड म्हणणे धाडसाचे होईल, पण मींडेची दूरची नातलग म्हणण्यास हरकत नाही.

तबल्याच्या स्वतंत्र वादनात सारंगी किंवा पेटी एकच लेहरा पुन्हा पुन्हा वाजविते आणि त्या स्थिर चौकटीत तबलजी आपली विद्या दाखवितो. या मुद्रिकेत तोच संबंध उलटा झाला आहे. ठेका व खर्जाची ओळ लेहऱ्याप्रमाणे अविरत फिरत राहतात आणि मोकळीक मिळते ती रागाच्या सुरावटीला. ऐकणाऱ्याचे लक्ष हळूहळू ठेक्यावरून उठते व सुरांच्या वळणांवर स्थिरावते. नाचासाठी निघालेला ठेका एकाग्रतेस साहाय्य करू लागतो, हीच या प्रयोगाची खरी गंमत.

मुद्रिकेत भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग आहेत. ज्या भैरवीने मैफल संपावयाची तिनेच येथे आरंभ होतो, यावरूनच कर्त्याचा बेधडक स्वभाव दिसून येईल. भूप, कलावती, मालकंस व बैरागी हे पाच स्वरांचे राग. त्यांचा बांधा इतका स्पष्ट की यंत्राच्या तोंडूनही ते चटकन ओळखता येतात.

आक्षेप अर्थातच पुष्कळ आहेत आणि ते पोकळ नाहीत. विलंबित आलाप नाही, रागसमयाचा विचार नाही, सगळ्या रागांना एकच धावता ठेका. आणि तोडीचा अतिकोमल गांधार पट्टीच्या वाद्यातून मिळणार कोठून? हे सारे खरे आहे. येथे रागाचा विस्तार नसून रागाचे रेखाचित्र आहे. परंतु १९०२ साली गौहरजानने पहिल्या मुद्रिका भरल्या तेव्हा तिलाही राग तीन मिनिटांत आटोपावा लागला होता. हार्मोनियमविरुद्ध याच स्थिर सुरांच्या कारणाने तक्रार झाली आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला बंद केलेले दार सुमारे तीन दशके पुरते उघडले नाही. तीच पेटी महाराष्ट्रात नाट्यसंगीताचा प्राण होऊन बसली होती!

मुद्रिका चालली नाही. पुढे १९८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरी काही तरुणांनी तेच ‘३०३’ यंत्र घेऊन एक नृत्यसंगीत प्रसिद्ध केले व त्यातून ‘अॅसिड हाउस’ नावाचा संप्रदाय जगभर पसरला. त्या तरुणांनी मुंबईची मुद्रिका ऐकली होती असे मानण्यास काहीच आधार नाही. २००२ साली एदो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती ती भारतात लागली. शिकागोच्या पाच वर्षे आधीचा तो नाद ऐकून तो थक्क झाला. २०१० साली त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली, आणि सत्तरी ओलांडलेले चरणजितसिंग परदेशी रंगमंचावर आपल्या जुन्या यंत्रांसह उभे राहिले. २०१५ च्या जुलैत मुंबईत त्यांचे निधन झाले.

आधी कोणी केले, या वादातच पुष्कळांना गोडी वाटते. पण केवळ पहिलेपणावर कोणतीही मुद्रिका टिकत नाही. पहिल्या ठरलेल्या कितीतरी वस्तू आज कोणी ऐकत नाही. ही टिकली याचे कारण वेगळे आहे. शिकागोच्या तरुणांनी यंत्राच्या खुंट्या पिरगाळून त्याच्यातून नवा आवाज काढला. चरणजितसिंगांनी त्याच यंत्राला आयुष्यभराच्या रियाजाची शिस्त लावली. नव्या वस्तूची त्यांनी थट्टा केली नाही व तिच्यापुढे लोटांगणही घातले नाही. आपल्या घरातील सर्वांत जुनी विद्या तिला शिकविली.

आज उपनगरांतील कितीतरी घरांत मुले विजेच्या तानपुऱ्यावर आणि तबल्याच्या पेटीवर सकाळचा रियाज करतात, आणि त्यात कोणास वावगे वाटत नाही. यंत्र घरात येणे आता टळत नाही. त्याला यमन शिकविणारा माणूस घरात आहे की नाही, एवढेच पाहावयाचे. १९८२ साली मुंबईत तसा एक माणूस होता आणि त्याच्या हातची दहा रेखाचित्रे अजून ताजी आहेत.