बोडीतील बुडबुडे व गोराईचा उकिरडा



भंडारा हा तलावांचा जिल्हा. बोडीतील गाळ काठीने ढवळला की बुडबुडे वर येतात, हे येथील मुलांस नवे नाही. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा याने १७७६ साली मॅजोरे सरोवराकाठी असाच वायू गोळा केला, तेव्हा तो पेट घेतो असे त्यास आढळले. हाच मिथेन. हवा न लागता पालापाचोळा कुजला म्हणजे सूक्ष्म जंतू तो निर्माण करतात.

मुंबईतील गोराई येथे १९७२ पासून शहराचा कचरा पडत असे. २००७ साली ते बंद झाले, ढीग झाकला गेला. पण आतील कुजणे कसचे थांबते? म्हणून ढिगात नळ उतरवून वायू ओढून घेतला व जाळला. हा अपव्यय वाटेल, आणि तसा तो आहेही. परंतु मोकळा सुटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. त्यापेक्षा जाळणे बरे. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ प्युएन्टे हिल्स येथे याहून बरे घडले. तेथील भरणी २०१३ साली बंद झाल्यावरही तिच्या वायूवर वीज निर्माण होत राहिली.

हा पाठ देताना बोडीकाठी काडी पेटवून दाखविण्याचा मोह मात्र गुरुजींनी आवरावा. बाटलीत शेण व पाणी कालवून तोंडास फुगा बांधावा आणि ती उन्हात ठेवावी. काही दिवसांनी फुगा फुगू लागेल. तो विस्तवाजवळ नेऊ नये.