भिंतीवरील समुद्र

सोलापुरास समुद्र नाहीं. आहे तें सिद्धेश्वराचें तळें. माझ्या एका स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्रींनीं समुद्र कधींच पाहिला नव्हता. त्यांच्यासाठीं क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या सूर्योदयाच्या चित्राची छापील प्रत घ्यावी काय, असें त्यांनीं मला विचारलें.

मूळ चित्र १८७२ सालचें, ल आव्ह्र बंदराचें. १८७४ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत तें मांडलें, तेव्हां लुई लरुआ या टीकाकारानें त्याच्या नांवांतील 'इम्प्रेशन' हा शब्द धरून चित्रकारांची टवाळी केली. पुढें तेंच नांव पंथास चिकटलें. चित्रांत धुकें, कांहीं होड्या आणि नारिंगी सूर्य. गंमत अशी कीं, हा सूर्य भोंवतालच्या करड्या आकाशाहून फारसा उजळ नाहींच. केवळ रंगाच्या विरोधानें तो झळाळतो. चित्राची काळीपांढरी प्रत काढा, सूर्य जवळजवळ नाहींसा होतो! म्हणून प्रत घेतांना कागदाचा गुळगुळीतपणा नव्हे, हा नारिंगी रंग आधीं पाहावा. मूळ चित्र अवघें ४८ सेंटिमीटर उंच व ६३ रुंद. भिंतभर वाढविलेल्या प्रतींत कुंचल्याचे फटकारे उगाच फुगतात. रंगाचा थर तर साध्या छपाईंत येतच नाहीं.

तरी मीं 'घ्या' म्हटलें. मात्र पश्चिमेच्या खिडकीसमोर लावूं नका, आमच्या उन्हांत रंग उडतील.

चित्र लागलें. मातोश्रींनीं बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, "हा आपल्या तळ्यावरचाच सूर्य ना रे?"