शेताचे सूक्ष्म राखणदार

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘कीटक-भृंगी न्याय’ आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. कुंभारीण माशी मातीचे घर बांधते, त्यात अळी आणून कोंडते आणि काही दिवसांनी त्या घरातून अळीऐवजी माशीच बाहेर पडते. भृंगीच्या ध्यासाने अळी स्वतःच भृंगी झाली, असा अर्थ आपल्या पूर्वजांनी लावला व संतांनी गुरुशिष्यांच्या एकरूपतेसाठी तो दृष्टांत वापरला. दृष्टांत म्हणून त्याचे मोल आजही उणे होत नाही. परंतु मातीच्या घरात घडते ते निराळेच. माशी अळीला नांगी मारून निश्चेष्ट करते आणि घरात आपले अंडे घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू त्या जिवंत परंतु लुळ्या अळीवर पोसते. अळीची माशी होत नाही. अळी माशीचे अन्न होते.

या कुंभारणीची असंख्य भावंडे अशी आहेत की, ती घर बांधण्याचे कष्ट घेत नाहीत. शेतातील किडीच्या अंगावर किंवा अंगातच ती अंडी घालतात. त्यांना परोपजीवी गांधीलमाश्या म्हणतात. मी कीटकशास्त्रज्ञ नव्हे. तथापि शास्त्रज्ञांनी मिळविलेली माहिती बांधापर्यंत नेणे हे माझे काम आहे आणि या माश्यांविषयीची माहिती तेथपर्यंत पुरेशी पोहोचलेली नाही, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथम ‘परोपजीवी’ या शब्दाविषयी. ऊ किंवा गोचीड रक्त पिते, पण यजमान प्राण्यास सहसा मारीत नाही. या माश्यांची पिल्ले मात्र वाढ पूर्ण करताना यजमान किडीचा प्राण घेतात. हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून रॉयटर या शास्त्रज्ञाने १९१३ साली अशा जीवांसाठी ‘पॅरासिटॉइड’ ही निराळी संज्ञा सुचविली. यजमानाचा मृत्यू हेच शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व होय.

मधमाश्या, मुंग्या व गांधीलमाश्या यांचा हायमेनॉप्टेरा हा एकच गण आहे. त्यात आजवर दीड लाखाहून अधिक जातींची नोंद झाली आहे. या गणातील बारीक कंबरेच्या कीटकांत काहींच्या शेपटीकडील नळीचे रूपांतर नांगीत झाले. मधमाश्या, मुंग्या व कुंभारीण त्यांपैकी होत. इतरांत ती नळी मुख्यतः अंडी घालण्यासाठीच राहिली, आणि बहुतेक परोपजीवी माश्या या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. त्यांचे तीन समूह ध्यानात ठेवले तरी पुरे. इक्न्युमॉनिडी कुलातील माश्या सडपातळ असून त्यांच्या मिशा लांब असतात. ब्रॅकोनिडी हे त्यांचे जवळचे कुल. त्यातील माश्या सामान्यतः लहान असतात. तिसरा समूह कॅल्सिडॉइडिया या अधिकुलाचा. यातील पुष्कळ माश्या मोहरीच्या दाण्याहूनही लहान असतात. आजवर ज्ञात असलेला सर्वांत लहान प्रौढ कीटक याच अधिकुलातील एका माशीचा नर असून त्याची लांबी अवघी ०.१३९ मिलिमीटर आहे.

आता त्यांची कार्यपद्धती पाहू. काही माश्या किडीला अंड्यातच गाठतात. आपल्याकडे ऊस व कपाशीसाठी जी ट्रायकोकार्डे देतात, त्यांवर ट्रायकोग्रामा ही माशी वाढत असते. तिची लांबी एक मिलिमीटरही नसते. प्रयोगशाळेत धान्यावर वाढणाऱ्या एका पतंगाची अंडी कार्डावर चिकटवून ती या माशीपुढे ठेवतात. माशीने अंडी घातली की काही दिवसांत ती काळी पडतात. ही काळी अंडी म्हणजे खराब माल नव्हे. माशी आत वाढत असल्याची ती खूण आहे. सुमारे आठ-दहा दिवसांत माश्या बाहेर पडतात व शेतातील खोडकिडीची अंडी शोधू लागतात. अळी जन्मालाच येत नाही, त्यामुळे पिकाला पहिला घासही लागत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या माश्या अळीचा शोध घेतात. हरभऱ्यावरील घाटेअळी लहान असतानाच कॅम्पोलेटिस ही माशी तिच्या शरीरात एक अंडे घालते. अळी काही दिवस हिंडते, खाते, पण तिची वाढ खुंटते. पुढे आतले पिल्लू बाहेर येऊन अळीच्या रिकाम्या कातडीशेजारी राखट कोश विणते. ऊस व मक्याच्या खोडात दडलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. तेथे कोटेशिया ही माशी तिच्याच बिळातून आत शिरते आणि एकाच अळीत अनेक अंडी घालते. अंड्यांसोबत ती विशिष्ट विषाणूंचे कणही अळीच्या शरीरात सोडते. त्यामुळे अळीची प्रतिकारशक्ती दुबळी होते व परकी अंडी सुरक्षित राहतात.

यांची संततीही नवलाची आहे. सामान्यतः फलित अंड्यापासून मादी आणि अफलित अंड्यापासून नर जन्मतो. त्यामुळे आपल्या संततीत माद्या किती व नर किती, हे बरेचसे मातेच्या स्वाधीन असते.

कोणी विचारील की, कुल, प्रजाती व जाती यांची ही उठाठेव कशासाठी? याचे कारण असे की, बहुतेक परोपजीवी माश्या ठराविक किडींवरच जगतात. जात ओळखण्यात चूक झाली तर सोडलेली माशी उपाशी मरते आणि खर्च वाया जातो. ट्रायकोग्रामाच्या जाती दिसण्यात इतक्या सारख्या आहेत की, त्यांत दीर्घकाळ गोंधळ होता. बंगलोर येथे काम करणाऱ्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी १९७१ साली नराच्या जननेंद्रियाच्या सूक्ष्म रचनेवरून या जाती ओळखता येतात, हे दाखवून दिले. जगभर या माश्यांच्या वर्गीकरणास त्यामुळे आधार मिळाला.

योग्य जात सापडल्यावर काय साधते, याचे उदाहरण पपईचे. मेक्सिको व मध्य अमेरिकेतील पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूर येथे आढळला आणि थोड्याच काळात तो महाराष्ट्रातील बागांतही पोहोचला. त्याच्या मूळ प्रदेशातील शत्रू येथे नव्हते. म्हणून २०१० साली प्वेर्तो रिकोहून तीन जातींच्या परोपजीवी माश्या आणण्यात आल्या. बंगलोर येथील राष्ट्रीय संस्थेत त्यांची वाढ करून त्या निरनिराळ्या राज्यांत सोडण्यात आल्या. त्यांपैकी ॲसेरोफॅगस पपाये ही जात येथे उत्तम रुजली आणि पुढील काळात त्या किडीचा जोर ओसरला.

परंतु हे राखणदार फार नाजूक आहेत. किडीसाठी मारलेल्या विषाने हेही मरतात, आणि अनेकदा किडीच्या आधी मरतात. मग वाचलेली कीड निर्वेधपणे वाढते, शेतकरी पुन्हा फवारणी करतो आणि खर्चाचे चक्र फिरत राहते. या चक्रात केवळ पैसाच जातो असे नव्हे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. टाळता येण्याजोगी प्रत्येक फवारणी टाळणे हा म्हणूनच माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. परोपजीवी माश्यांनी सर्व फवारण्या थांबतील, असा दावा कोणी करू नये. पण एक फवारणी जरी कमी झाली तरी तो लाभ लहान नाही.

या कामी आपण काय करू शकतो? शिक्षकांनी मुलांना शेतात नेऊन दोन खुणा दाखवाव्यात : अळीला चिकटलेले पांढरे कोश आणि फुगून सोनेरी झालेला, पाठीला गोल भोक असलेला मावा. पांढऱ्या कोशांना अळीची अंडी समजून पुष्कळजण चिरडतात. वस्तुतः ती आपल्याच राखणदारांची पिल्ले असतात. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत कृषी सहायकास बोलावून फवारणीपूर्वी किडींची व मित्रकीटकांची पाहणी करण्याची प्रथा पाडावी. बांधावरील सर्वच फुलझाडे तण म्हणून उपटू नयेत. प्रौढ माश्या फुलांतील मधावर जगतात. कार्डे वाटणाऱ्या अधिकाऱ्यांनी ती उन्हात पडून राहणार नाहीत आणि माश्या निघण्यापूर्वीच शेतात पोहोचतील, याची दक्षता घ्यावी. कार्डे लावल्यावर लगेच फवारणी करू नये, हे शेतकऱ्यास त्याच वेळी सांगावे. उशिरा पोहोचलेले कार्ड म्हणजे केवळ कागदाचा तुकडा होय.

पूर्वजांनी मातीच्या घराकडे बारकाईने पाहिले, म्हणूनच त्यांना दृष्टांत सुचला. आपणही पानाच्या मागील बाजूस तितक्याच बारकाईने पाहू या. फवारणीचा पंप उचलण्यापूर्वी तेथे कोण कामाला लागले आहे, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.